भिंतीवरचं शून्य

कासारसाईच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी शेड आहे. पुढच्या भागात मोटारीच्या दिव्यांमधल्या प्लास्टिकच्या वाट्यांना चांदीसारखा मुलामा देण्याचं काम चालतं. मागच्या खोलीत भट्टी आहे. त्या खोलीत शिरताना मी आजही आधी वर, छताकडे बघतो. हायड्रोजन वर जातो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, त्यानं घसाही खवखवत नाही. तो खोलीत आहे की नाही हे सांगायला भिंतीवर उंचावर एक पांढरी डबी लावलेली आहे आणि तिच्यावर एक आकडा असतो. त्या आकड्यावर माझ्या बायकोचा जीव अवलंबून होता, आणि तो आकडा सोळा दिवस खोटं बोलत होता. त्याला खोटं बोलायला मीच लावलं होतं.

मी मुळशीकडचा. आयटीआयमधून फिटर झालो, अकरा वर्षं दुसऱ्यांच्या शेडमध्ये राबलो, मग लिलावात एक जुनं मुलाम्याचं यंत्र घेतलं. यंत्र म्हणजे एक मोठं पिंप. त्यातली हवा ओढून काढायची, आत तारेच्या वाटीत धातू तापवायचा, म्हणजे त्याची वाफ होते आणि समोर जे टांगलं असेल त्यावर जाऊन बसते. एवढ्या एका कामावर मी जांबे गावात घर बांधलं.

एके दिवशी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतला संशोधक माझ्याकडे आला. औषधाचा नव्हे, अभ्यासाचा डॉक्टर. त्याच्या हातात सिलिकॉनच्या नखाएवढ्या चकत्या होत्या. त्यावर त्याला लोखंड आणि निकेल यांच्या मिश्रणाचा थर हवा होता.

"किती जाड?" मी विचारलं.

"दिसता कामा नये इतका."

"दिसणार नाही असा मुलामा घेऊन करायचं काय? आणि दिसला नाही तर मी दिला की नाही दिला, हे तुम्हाला कळणार कसं?"

तो हसला. म्हणाला, "शेठ, तुम्ही फसवलंत तर माझ्या भट्टीत काही उगवणार नाही. तेवढ्यावर कळेल."

मग त्यानं समजावून सांगितलं. हा थर तापवला की फुटतो आणि त्याचे बारीक बारीक गोळे होतात, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर थेंब होतात तसे. त्यावर कार्बन असलेला वायू सोडला की एकेका गोळ्यावर कार्बनची एक पोकळ नळी वाढते, केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. अशा कोट्यवधी नळ्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. डोळ्यांना दिसतो तो फक्त काळा मखमलीचा तुकडा. या मखमलीचं पुढं बॅटरीत काय होतं, सेन्सरमध्ये काय होतं, ते तो तासभर सांगत बसला. मी ऐकत होतो ते एवढंच, की याला माल हवा आहे आणि याच्या प्रयोगशाळेत यंत्रासाठी रांग आहे.

मिश्रधातू कुठून आणायचा ते मला माहीत होतं. जुन्या डबडा टीव्हीच्या काचेत, पडद्याच्या मागं, बारीक भोकांचा एक पातळ पत्रा असतो. काही टीव्हींमध्ये तो नुसत्या लोखंडाचा नसतो, त्यात निकेलही असतं, म्हणजे तापला तरी फुगत नाही. एका म्हाताऱ्या टीव्ही मेकॅनिकनं कधीतरी सांगितलेलं माझ्या लक्षात होतं. भंगारवाले तो लोखंडाच्या भावात देतात. मी असे पत्रे गोळा केले, धुतले, कातरीनं तुकडे केले आणि वाटीत टाकले. डॉक्टरला सांगितलं, मुंबईच्या व्यापाऱ्याकडून मागवतो. व्यापाऱ्याचं नाव त्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा विषय बदलला. आपला मालाचा झरा गिऱ्हाइकाला दाखवायचा नसतो.

माझ्या थरावर त्याच्या नळ्या उगवल्या. त्याच्या प्रयोगशाळेतल्या थरापेक्षा उंच उगवल्या. मग तो दर आठवड्याला येऊ लागला. एका बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावात मी एक लांब काचेच्या नळीची भट्टी घेतली होती, ती बघून तो म्हणाला, इथंच उगवू या. गॅसच्या नळ्या त्यानंच जोडल्या. सिलेंडर बाहेर जाळीच्या पिंजऱ्यात, नॉब आत. भट्टीतून बाहेर पडणारा वायू तेलाच्या बाटलीतून बुडबुडे काढत जातो आणि मागच्या भिंतीतल्या पाइपातून बाहेर पडतो. भट्टी चालवायला त्यानं माझ्या बायकोला शिकवलं. मला नाही. म्हणाला, "शेठ, तुम्हाला घाई असते. वहिनींना नसते." ते खरं होतं.

डबी त्यानंच भिंतीवर लावली आणि गॅसची एक छोटी बाटली तिच्या हातात दिली. "दर सोमवारी ही डबीच्या तोंडावर धरून दाबायची. भोंगा वाजलाच पाहिजे. नाही वाजला तर भट्टी पेटवायची नाही."

"आणि बाटली संपली की?" मी विचारलं.

"नवी मागवायची. कुणाकडून ते लिहून देतो."

मी तेव्हाच मनात म्हटलं, इथं याचं कमिशन असणार.

मग त्याचा लेख छापून आला. त्यानं कौतुकानं फोनवर दाखवला. पाच नावं होती, त्यात माझं नव्हतं. मला इंग्रजी फार येत नाही, पण माझं नाव नाही हे कळायला इंग्रजी लागत नाही. शेवटी एक ओळ होती, थर पुरवल्याबद्दल 'स्थानिक पुरवठादारा'चे आभार. त्या दिवशी अंगणात मी जे बोललो ते सगळ्या शेडनं ऐकलं. दूध घालणारा आणि मी यांत काय फरक, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, शांत व्हा. मला कुणी शांत व्हा म्हटलं की मी आणखी पेटतो. मी त्याला फाटकाबाहेर घालवला. जाताना गाडीची काच खाली करून तो बायकोला म्हणाला, "वहिनी, सोमवारचं विसरू नका." त्याचाही मला राग आला. माझ्या फाटकात उभा राहून हा माझ्या बायकोला हुकूम सोडतो!

त्यानंतर मी ठरवलं, थरही मीच देणार आणि नळ्याही मीच उगवणार. हिंजवडीतल्या एका छोट्या कंपनीला मखमलीचे बारा तुकडे नमुन्याला हवे होते. ते पसंत पडले असते तर पुढचं काम आमचं होतं आणि खाली कुणाच्या आभाराची ओळ नव्हती. बाटली मधल्या काळात संपली. बायकोनं दोनदा आठवण केली. दुसऱ्यांदा मी ओरडलो, "त्या माणसाच्या दुकानदारीला मी पैसे घालू व्हय?"

दसऱ्याला आम्ही सगळी यंत्रं धुतली, पुसली. पिंपाला झेंडूचा हार घातला, सिलेंडरला हळदीकुंकवाची बोटं लावली, भट्टीपुढं नारळ फोडला. कुठल्याही शेडमध्ये हेच करतात आणि मालकानं स्वतः करायचं असतं. शेवटी मी वर बघितलं. एवढ्या सगळ्यांना गंध लागलं होतं आणि ती पांढरी डबी तेवढी कोरी राहिली होती. मी शिडी लावली. डबीच्या बरोबर मधोमध बोटाच्या पेराएवढी एक गोल जाळी आहे. कपाळावर लावावं तसं ओलं कुंकू मी त्या जाळीवरच लावलं, नीट दाबून, ओघळू नये म्हणून. वर एक अक्षता चिकटवली. खाली उतरून हात जोडले. आकडा शून्य होता. त्या दिवसापासून तो शून्यच राहिला, कारण डबीचं नाक मी बुजवलं होतं.

त्या सोळा दिवसांत बायकोनं नऊ वेळा भट्टी चालवली. धूळ नको म्हणून दार लावून, एकटीनं. मी बाहेर वाट्यांच्या गिऱ्हाइकांशी फोनवर घासाघीस करत असायचो. त्या नऊ वेळा आठवल्या की अजून माझा घास तोंडात फिरतो.

सोळाव्या दिवशी दुपारी ती दारातून म्हणाली, "अवो, जरा हितं या."

मी फोनवर होतो. हातानं थांब म्हटलं.

"थांब न्हाई. आत्ता या."

मी गेलो. भट्टी साडेसातशे अंशांवर होती. कार्बनचा वायू अजून सोडलेला नव्हता, हायड्रोजन चालू होता; थर फोडून त्याचे गोळे करायचं काम तो करतो. तिनं तेलाच्या बाटलीकडे बोट दाखवलं. तेल स्थिर होतं.

"बुडबुडे थांबलेत."

"हायड्रोजन संपला आसंल."

"न्हाई. नॉबवरच्या काचेतली गोळी वर हाय. आत जातोय. भाईर निघत न्हाई."

मी वर बघितलं. "आकडा तर शून्य हाय की. काय घाबरतीस?"

साबणाच्या पाण्याची वाटी आणि ब्रश तिच्याजवळ असतो. भट्टीच्या काचेच्या नळीला दोन्ही टोकांना पोलादी झाकणं आहेत, आत रबराची कडी. तिनं ब्रश बुडवून झाकणाच्या कडेनं फिरवला. फेस आला. एक मोठा फुगा झाला, फुटला, दुसरा झाला. झाकणाच्या फटीतून हायड्रोजन खोलीत येत होता आणि वर भिंतीवर शून्य होतं.

त्या क्षणी मला जे झालं त्याला मी अजून नाव देऊ शकत नाही. किती वेळ निघतोय? छताशी किती साठलाय? समोर नळीच्या मधोमध लालभडक भट्टी. मी सवयीनं पंख्याच्या बटणाकडे हात नेला. हवा बाहेर काढायची, एवढंच डोक्यात.

"बटान न्हाई!" ती किंचाळली. "ठिणगी पडंल!"

माझा हात हवेतच राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी तिला किंचाळताना ऐकलं नव्हतं.

मी बाहेर पळालो, पिंजरा उघडला आणि हायड्रोजनचा सिलेंडर बंद केला. हाताला इतका घाम होता की चावी दोनदा निसटली. तिथूनच ओरडलो, "अगं, भाईर ये!"

ती आली नाही. मी दारापाशी गेलो. ती आर्गॉनच्या नॉबपाशी उभी होती. आर्गॉन म्हणजे न पेटणारा वायू, नळीतला हायड्रोजन ढकलून बाहेर काढायला तो लागतो.

"म्या आले तर आर्गॉन कोण सोडंल? नळीत हायड्रोजन भरलाय. भट्टी निवली की ती हवा आत वढणार. मग हितंच फुटंल."

"मग सोड की आर्गॉन!"

"सोडला तर जाणार कुटं? भाईरची वाट बंद हाय. झाकण उडंल. तुमी आधी मागचा पाइप बघा."

मला कळलं की ती जागची हलणार नाही. मी तिला ओढून काढायला हवं होतं की मागं पळायला हवं होतं, हे मी त्यानंतर शेकडो वेळा स्वतःला विचारलंय. मी मागं पळालो.

मागच्या भिंतीला लागून भाताचं खाचर आहे. भात कापणीला आलेला, बांधावर चिखल. भिंतीतून आलेला पाइप डोक्याएवढ्या उंचीवर आहे. त्याच्या तोंडात मातीचं गुळगुळीत ढेकूळ बसलेलं होतं. कुंभारीण माशी. दाराच्या चौकटीत, मीटरच्या पेटीत, कुठंही भोक दिसलं की चिखलाचा गोळा आणून घर करते. तिनं माझ्या पाइपाचं तोंड लिंपून टाकलं होतं.

मी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि थांबलो. लोखंडावर लोखंड. दुसऱ्या खिशात फोन वाजत होता. मगाचं गिऱ्हाईक असणार. तो फोन हातात धरायची, बंद करायचीसुद्धा मला भीती वाटली; काढून लांब खाचरात फेकला. कुंपणाची निरगुडीची काठी मोडली आणि तिच्या टोकानं माती कोरायला लागलो. वरची पापडी पडली, आत आणखी माती. तिच्या कप्प्यांत तिनं पिल्लांसाठी भरून ठेवलेले अर्धमेले कोळी माझ्या मनगटावर पडत होते. मी भिंतीला तोंड लावून ओरडत होतो, "हायस का? अगं हायस का?" आणि भिंतीपलीकडून बारीक आवाज येत होता, "हाय. कोरा तुमी."

कोरताना माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की आता हा आवाज यायचा थांबला तर.

शेवटचा गोळा सुटला आणि पाइपानं माझ्या तोंडावर एक गरम तेलकट श्वास सोडला. मी मागं पडलो, चिखलात. आतून ती म्हणाली, "निघाले बुडबुडे!" मग आर्गॉनचा सूं आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. मी उठून पुढं धावलो तर ती दारातून बाहेर येत होती, धावत नव्हती, पदरानं हात पुसत. मी तिचा दंड धरला आणि फाटकापर्यंत सोडला नाही. वाट्या पॅक करणाऱ्या तिघी बायका आधीच रस्त्यावर उभ्या होत्या.

फाटकात उभं राहून मला कळेना की आता काय. आत जायचं? कधी? भट्टीची वीज बंद करू का? ते बटण बाहेरच्या पडवीत होतं, पण पडवीत तरी वायू नाही हे कुणी सांगावं?

"सरांना फोन लावा," बायको म्हणाली.

"त्याला न्हाई लावणार."

"मग म्या आत जाऊन बघून येते."

मी पॅकिंगवाल्या बाईचा फोन घेतला.

डॉक्टरनं माझा आवाज ओळखला. मी काय झालं ते सांगायला लागलो तर त्यानं मधेच तोडलं. "वहिनी कुठे आहेत?"

"हितं. भाईर."

"नक्की? तुमच्या शेजारी?"

"व्हय."

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला. मग त्यानं एकेक विचारलं आणि एकेक सांगितलं. हायड्रोजनचा सिलेंडर बंद असेल तर आर्गॉन चालू राहू दे. मेन स्विच पडवीत असला तरी हात लावू नका, भट्टीला तापू दे. दारं-खिडक्या उघड्या असतील तर तासाभरात खोली मोकळी होईल. मग म्हणाला, "डिटेक्टर काय दाखवत होता?"

"शून्य."

"साबणाला फेस येत असताना शून्य? टेस्ट गॅस शेवटचा कधी मारला?"

बायको माझ्याकडे बघत होती. मग तीच हळू म्हणाली, "दसऱ्याला तुमी तिच्या तोंडाला कुंकू लावलं व्हतं." तिलाही ते त्याच क्षणी आठवलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम उतरला. मगाशी आत उभी होती तेव्हा तो उतरला नव्हता.

मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. वाटली ती नंतर. त्या वेळी मी फोनमध्ये ओरडलो, "तुमी माझं नाव का न्हाई घातलं?"

"शेठ, आत्ता?"

"आत्ताच!"

"तो मिश्रधातू कुठला, ते तुम्ही सांगितलंत का मला? मी दोनदा विचारलं. नाव घालायचं तर तुमचं काम काय ते लिहावं लागतं. काय लिहू? मुंबईचा व्यापारी?" थोडं थांबून म्हणाला, "पण तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं. ते मी टाळलं."

राग माझा अजून पूर्ण गेलेला नाही. तिसऱ्यांदा त्यानं विचारायला हवंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो न बोलावता आला. बाटली घेऊन शिडीवर चढला आणि डबीवर दाबली. भोंगा वाजला नाही. नखानं कुंकू खरवडून पुन्हा दाबली. नाही वाजला. त्यानं डबी काढून माझ्या हातात ठेवली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मग त्यानंच सांगितलं, की खोलीत साठलेला वायू कदाचित पेटण्याइतका नव्हताही. नळी मात्र फुटली असती. आणि नळीसमोर कोण उभं असतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

नवी डबी आली. पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बसली. हिंजवडीच्या कंपनीला मी कळवलं, नमुने उशिरा मिळतील, हवं तर दुसरीकडे बघा. भट्टी विकून टाकायची असं मी मनात पक्कं केलं होतं आणि एक गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. बायकोला सांगितलं तर ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही.

"विकायची न्हाई. म्या शिकलेय ती."

"अगं, तू मेली असतीस."

"व्हय. आन् तुमी भाईर फोनवर ऱ्हायला असता." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "भट्टी म्या चालवणार. पर चालू असली की तुमी आत बसायचं. फोन भाईर. दार लावलं की उठायचं न्हाई."

"मी बसून करू काय? मला त्यातलं काय कळतं?"

"काय बी करू नका. नुसतं बसा."

मी घासाघीस करून बघितली. दार उघडं ठेवू, मी दारात बसतो. डॉक्टरला बोलावू. आठवड्यातून एकदाच चालवू. तिनं एकही मान्य केलं नाही. आयुष्यात मी कितीतरी सौदे केले, पण असा समोरचा माणूस मला भेटला नव्हता. तिला काही नकोच होतं, ती फक्त मला आत बसवणार होती.

पहिल्या वेळी तिनं बाटली दाबली, भोंगा वाजला. भट्टी तापायला तासभर लागतो. त्या तासात मी काहीच केलं नाही. तिची बोटं बघत होतो. ती वहीत लिहीत होती, तेलाकडे बघत होती, पुन्हा लिहीत होती. बाहेर कुणीतरी फाटकातून मला हाका मारत होतं. साडेसातशे झाले. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, मी अजून आहे ना ते बघायला, आणि हायड्रोजनचा नॉब फिरवला.

मी उठलो नाही.